संपाच्या दिवशी कॅब तिप्पट का होते?

८ जानेवारी २०१९, मंगळवार. सकाळी सव्वानऊला मी कुर्ला स्टेशनच्या पश्चिमेला उभी होते. तेव्हा माझं ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत होतं आणि रोजची सवय ३१० नंबरच्या बसची. त्या दिवशी बेस्टचा संप सुरू झालेला. थांब्यावर बस नव्हती, त्यामुळे बसची सगळी माणसं शेअर रिक्षाच्या रांगेत आली होती आणि रांगेचं शेपूट पुलाच्या पायऱ्यांवर चढलं होतं. रिक्षावाला ओरडत होता, "पन्नास सीट, पन्नास!" एरवी तेच वीस. मी मोबाइल काढून कॅबचं अ‍ॅप उघडलं. नेहमी शंभर-एकशेदहा दाखवणारं भाडं ३४२. खाली बारीक अक्षरांत, मागणी वाढल्यामुळे भाडं जास्त आहे. पाचेक मिनिटं मनाशी घासाघीस केली, पुन्हा बघितलं तर ३६८.

"लुटतात मेले," मागच्या बाई माझ्या स्क्रीनमध्ये डोकावून म्हणाल्या. मीही मान डोलावली. आज विचाराल तर मी त्यांच्याशी अर्धीच सहमत आहे. पण कुठल्या अर्ध्याशी, हे नीट सांगायचं तर आधी तो ३४२चा आकडा येतो कुठून ते बघायला हवं.

काळी-पिवळी टॅक्सीचं भाडं सरकार ठरवतं. मुंबईत फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला टॅक्सीचे ३१ रुपये आणि रिक्षाचे २६. पाऊस असो, संप असो, मीटर तोच. रात्री बारा ते पहाटे पाच मात्र पंचवीस टक्के जास्त. मागणी वाढली की अ‍ॅप भाडं वाढवतं, त्याला सर्ज म्हणतात. हाही एक प्रकारचा सर्जच म्हणायचा, फक्त तो घड्याळ बघून लागतो. त्याला कुणी लूट म्हणत नाही, कारण तो आधीपासून माहीत असतो आणि सगळ्यांना सारखा असतो.

अ‍ॅपचा सर्ज घड्याळ बघत नाही, माणसं मोजतो. शहराचा नकाशा छोट्या छोट्या तुकड्यांत कापलेला असतो. उबरने त्यासाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरं वापरली आणि ही पद्धत एच-थ्री या नावाने २०१८ मध्ये सर्वांसाठी खुली केली. प्रत्येक तुकड्यात आत्ता किती लोक गाडी शोधताहेत, रिकाम्या गाड्या किती आणि त्या किती लांब आहेत, हा हिशेब दर काही मिनिटांनी नव्याने होतो. यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मोजणीत नुसती झालेली बुकिंग येत नाहीत, अ‍ॅप उघडून भाडं बघून गप्प बसणारेही येतात. म्हणजे त्या सकाळी मी काहीच बुक केलं नव्हतं तरी कुर्ल्याच्या त्या घरात एक मणी टाकून बसले होते. अर्थात एका मण्याने काही होत नाही. पण माझ्यासारखे हजारभर जण एकाच वेळी "बघू तरी किती दाखवतंय" म्हणाले की आकडा हलतो.

पूर्वी अ‍ॅप सरळ "२.१ पट" असं दाखवायचं आणि पटीला मान्यता द्यायला लावायचं. २०१६ च्या सुमाराला ही पद्धत मागे पडत गेली. आता एकच रक्कम दिसते, त्यात मूळ भाडं किती आणि सर्ज किती हे वेगळं कळत नाही. माझ्या मते लोकांच्या मनात जो संशय बसला आहे त्याचं मूळ सर्जपेक्षाही या झाकपाकीत आहे. त्यावर पुढे येतेच.

भाव वाढवून नेमकं होतं काय?

कंपन्या म्हणतात, भाव वाढला की दोन गोष्टी होतात. ज्यांचं अडलेलं नाही ते थांबतात किंवा चालत जातात. आणि घरी बसलेला किंवा दुसऱ्या भागात फिरणारा ड्रायव्हर जास्त पैशांसाठी इकडे येतो. पहिल्याने मागणी कमी, दुसऱ्याने गाड्या जास्त, आणि मग भाव आपोआप खाली. कागदावर अगदी सुबक.

तिसरी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, पण मला तीच सगळ्यात पटणारी वाटते. समजा भाव अजिबात वाढवला नाही. मागणी प्रचंड, जवळच्या सगळ्या गाड्या भरलेल्या. अ‍ॅप काय करतं? मिळेल ती गाडी पाठवतं, मग ती चार किलोमीटर लांब का असेना. एरवी ड्रायव्हर तीन मिनिटांत तुमच्यापाशी येतो आणि सतरा मिनिटांत पोचवतो, म्हणजे तासाला तीन फेऱ्या. आता तो वीस मिनिटं रिकामी गाडी हाकत येतो आणि मग सतरा मिनिटं तुम्हाला नेतो. तासाला दीड फेरीच्या आसपास. नेमकी ज्या दिवशी गाडी हवी, त्या दिवशी अर्धा वेळ ती रिकामी धावते. त्यामुळे गाड्या आणखी कमी पडतात, मग आणखी लांबून बोलवाव्या लागतात, आणि हे चक्र आपलं आपणच घट्ट होत जातं. कास्तियो, नोपफ्ल आणि वाइल या अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये नेमकं हेच मांडलं. आपण त्याला रिकामी धावपळ म्हणू. भाव थोडा वाढला की शोधणारे कमी होतात, थोड्या गाड्या जवळपास रिकाम्या राहतात आणि ही धावपळ तुटते.

याचा पुरावा म्हणून एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. २०१४ सरून २०१५ लागलं त्या रात्री न्यूयॉर्कमध्ये उबरची सर्ज यंत्रणा २६ मिनिटं बंद पडली. भाव नेहमीचा, मागणी नववर्षाची. तेवढ्या वेळात गाडी मागणाऱ्या चार जणांमधल्या एकालाही धड गाडी मिळेना आणि वाट बघण्याचा वेळ वाढला. त्याच वर्षी मार्चमध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला एक मोठा गाण्याचा कार्यक्रम सुटला तेव्हा सर्ज चालू होता, गाड्या त्या बाजूला आल्या आणि जवळजवळ सगळ्यांना मिळाल्या. ही तुलना करणाऱ्यांत उबरचीच माणसं होती हे विसरायचं नाही. तरी मुद्दा खोटा नाही.

पण नववर्षाची रात्र आणि बेस्टचा संप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझा सगळा आक्षेप इथून सुरू होतो.

दसऱ्याची सकाळ आणि झेंडू

दसऱ्याच्या सकाळी दादरच्या फूलबाजारात झेंडूचा भाव चढतो. वर्षावर्षाच्या अंदाजाने शेतकरी आधीच जास्त लावणी करतो, ते खरं. पण त्या सकाळी आठ वाजता भाव दुप्पट झाला म्हणून शेतातलं रोप नऊ वाजता फुलत नाही. बाजारात जेवढी फुलं आली तेवढीच. भाव दुप्पट, तिप्पट, चौपट करा, फुलं तेवढीच राहतात. बदलतं ते एवढंच की तोरण कुणाच्या दारावर लागणार.

संपाच्या दिवशी कॅबचं असंच होतं. गाण्याचा कार्यक्रम सुटला तर एका कोपऱ्यात मागणी असते आणि बाकीच्या शहरात गाड्या रिकाम्या असतात, भावाने त्या इकडे ओढता येतात. संपात अख्खं शहरच मागणी असतं. कुर्ल्याला भाव चढलेला, अंधेरीला चढलेला, चेंबूरला चढलेला. कुठून ओढणार?

थोडा ढोबळ हिशेब करू. त्या वेळी बेस्टच्या तीन हजारांहून अधिक बस रोज २५ लाखांच्या आसपास प्रवासी नेत होत्या. आता उदाहरणासाठी धरा की शहरात अ‍ॅपच्या पन्नास हजार गाड्या आहेत, एकूण एक रस्त्यावर उतरल्या, आणि प्रत्येकीने रोजच्यापेक्षा चार फेऱ्या जास्त मारून प्रत्येक फेरीत दोन माणसं नेली. हे सगळं फारच आशावादी झालं, तरी चार लाख होतात. २५ लाखांचा सहावा हिस्साही नाही. एका बसमध्ये दाटीवाटीने साठ माणसं जातात, कॅबमध्ये एक किंवा दोन. बसची जागा कॅब भरून काढेल असं म्हणणं म्हणजे टँकर बंद झाला तर तांब्यांनी पाणी आणू म्हणण्यासारखं.

मग आठ रुपयांचं तिकीट काढणारा माणूस ३४२ रुपयांची कॅब करतो का? नाही करत. तरी कॅबची मागणी वाढतेच. कशी, ते मला त्या रांगेत उभं राहून कळलं. बसवाले शेअर रिक्षावर आले. शेअर रिक्षाची रांग बघून त्यातले थोडे बरे पैसेवाले मीटरच्या रिक्षाकडे वळले. मीटरची रिक्षा मिळेना म्हणून तिचं नेहमीचं गिऱ्हाईक अ‍ॅपवर आलं. लोकलच्या दारात मागून धक्का आला की पुढचा माणूस आत जातो, पण त्याला ढकलणारा मागचा-मागचा कुणीतरी असतो, तसं. अ‍ॅपच्या पडद्यावर जो आकडा दिसतो तो शेवटच्या माणसाचा असतो. धक्का सुरू झाला तो थांबा पडद्यावर नसतो.

आणि रस्ता. बस बंद म्हणजे रस्ते मोकळे, असं वाटेल. उलट होतं. एका बसमधल्या साठ माणसांतली पंधरा जरी रिक्षा, स्कूटर, स्वतःची गाडी, कॅब अशी निघाली तरी एका बसच्या जागी दहा-बारा वाहनं येतात. मी शेवटी ३६८ ला हो म्हटलं (ऑफिसात दहाची मीटिंग होती आणि माझा बॉस संप वगैरे मानणारा नव्हता). गाडी यायला बावीस मिनिटं लागली. सीएसटी रोडवर आम्ही इतका वेळ एकाच जागी होतो की शेजारच्या चहाच्या टपरीवर किती कटिंग गेले ते मी मोजले. ड्रायव्हर साताऱ्याकडचे होते. मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं, "दादा, आज तुमची चांदी आहे."

"कसली चांदी ताई," ते म्हणाले. "रोज सकाळच्या टायमाला सहा ट्रिपा होतात, आज तुमची तिसरी. गॅस तेवढाच जळतोय. इन्सेंटिव्ह ट्रिपांवर आहे, पैशावर नाही. आज बारा ट्रिपा नाही झाल्या की तो पण गेला."

त्यांचं म्हणणं मी तेव्हा रडगाणं समजले. नंतर कागदावर मांडून बघितलं. भाडं तिप्पट, पण फेऱ्या निम्म्या, म्हणजे कमाई दीडपट. त्यातून कंपनीचं कमिशन आणि बुडालेला इन्सेंटिव्ह वजा केला की दीडपटही उरत नाही. मी मात्र मोजले तिप्पट. मधले पैसे कुठे गेले? थोडे कंपनीकडे, आणि बरेचसे सीएसटी रोडवरच्या धुरात. कोंडीत उभ्या गाडीचा वेळ कुणाच्याच खिशात जात नाही.

एवढ्यावरून मी जे म्हणते ते इतकंच. पावसात किंवा कार्यक्रम सुटल्यावर भाव वाढला तर गाडी येते, निदान येण्याची शक्यता तरी असते. संपात दीडपटीपर्यंत थोडाफार फरक पडत असेल, घरी झोपलेला एखादा ड्रायव्हर उठत असेल. पण दोन पटीवरून तीन पटीवर गेल्याने गाडी वाढत नाही. फक्त मागच्या सीटवरचा माणूस बदलतो. दोन पटीला डायलिसिसला निघालेले आजोबा बसले असते, तीन पटीला माझ्यासारखी मीटिंगवाली बसते. अडलेला कोण आणि पैसेवाला कोण, हे दोन प्रश्न अ‍ॅपला एकच वाटतात.

पावसाशी आणखी एक फरक. पावसातला सर्ज डोंगरासारखा असतो, चढतो आणि उतरतो. "वीस मिनिटं थांबा, भाव पडेल" हा सल्ला तिथे चालतो. संपाचा सर्ज पठारासारखा असतो. सकाळी चढला की अकरापर्यंत तसाच आणि पाच वाजता पुन्हा. मात्र तो दिवसागणिक कमी होतो, हे मी त्या नऊ दिवसांत बघितलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ऑफिसांनी वेळा बदलल्या, शेजारचे तिघे मिळून एका गाडीतून येऊ लागले, काहींनी कुर्ल्याऐवजी वांद्र्याला उतरून बघितलं. लंडनमध्ये फेब्रुवारी २०१४ मध्ये ट्यूब रेल्वेचा संप झाला, तेव्हा अर्थशास्त्रज्ञांनी प्रवाशांच्या कार्डांवरून शोध घेतला तर सुमारे पाच टक्के लोक संप मिटल्यावरही संपात सापडलेल्या नव्या वाटेनेच जात राहिले. इतकी वर्षं लांबच्या वाटेने जात होतो हे त्यांना संपाने सांगितलं!

दीडपटीची रेघ

आपल्याकडे सरकारने यात हात घातला तो उशिरा. एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीत सम आणि विषम नंबरांच्या गाड्या आलटून पालटून रस्त्यावर आणण्याच्या योजनेचा दुसरा टप्पा चालू असताना भाडी भडकली, केजरीवाल सरकारने परवाने रद्द करण्याची तंबी दिली आणि कंपन्यांनी दिल्लीपुरता सर्ज थांबवला. ती तात्पुरती दमदाटी होती. देशभराचा नियम आला नोव्हेंबर २०२० मध्ये. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनी सांगितलं की मूळ भाड्याच्या दीडपटीच्या वर जायचं नाही आणि निम्म्याच्या खाली यायचं नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्राने ही वरची रेघ दीडवरून दोन पटींवर नेली. महाराष्ट्राने मात्र दीडच ठेवली. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई महानगरासाठी किलोमीटरला २२ रुपये ७२ पैसे असं मूळ भाडं ठरलं, गर्दीत जास्तीत जास्त दीडपट, आणि मंदीत पंचवीस टक्क्यांहून जास्त सूट नाही. म्हणजे दहा किलोमीटरला मूळ २२७, वरची हद्द साधारण ३४१, खालची १७०. ड्रायव्हरला भाड्याचा किमान ऐंशी टक्के हिस्सा मिळावा, हेही त्यात आलं.

खालची हद्द कशाला, असं काहींना वाटतं. ती ड्रायव्हरसाठी आहे. सर्ज नसतो तेव्हा त्याला फारच कमी दरात पळवलं जातं, आणि वर्षभराच्या त्या तोट्याची भरपाई तो सर्जच्या दिवसांत शोधतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईतले ओला-उबरचे ड्रायव्हरच संपावर गेले होते ते याच दुखण्यापायी. मजा अशी की तेव्हा जे थोडे ड्रायव्हर संपात नव्हते त्यांच्या गाड्यांनाही मागणी वाढल्यामुळे सर्ज लागत होता. संप सर्जविरुद्ध नव्हता, पण सर्ज संपावर जगत होता.

अर्थशास्त्र शिकलेले माझे मित्र या दीडपटीवर नाक मुरडतात. भाव दाबला की टंचाई वाढते, हा त्यांचा पहिला धडा. एका बाबतीत ते बरोबर आहेत. भाव वाढू दिला नाही म्हणून अडचण संपत नाही, ती दुसऱ्या रूपात येते. बुकिंग स्वीकारल्यावर फोन येतो, "कुठे जायचंय? कॅश की ऑनलाइन?" आणि उत्तर मनासारखं नसलं की ट्रिप रद्द. काळी-पिवळीवाला काच अर्धी खाली करून नुसती मान हलवतो. रिक्षावाला मीटरवर फडकं टाकून "पन्नास सीट" ओरडतो. हा सगळा सर्जच, फक्त पावती नसलेला. फेब्रुवारी २०२५ पासून उबरने रिक्षासाठी कमिशन घेणं बंद करून ड्रायव्हरकडून ठरावीक फी घ्यायला सुरुवात केली. तिथे अ‍ॅपवरचं भाडं आता सुचवलेलं भाडं आहे, पैसे थेट ड्रायव्हरला. म्हणजे गर्दीच्या दिवशी उरलेली घासाघीस पुन्हा फुटपाथवर आली.

पण "भाव दाबला की टंचाई वाढते" हा धडा पुरवठा हलता असेल तेव्हाचा आहे. संपाच्या दिवशी पुरवठा हलतच नसेल, तर दीडपटीवर रेघ ओढल्याने जाणाऱ्या गाड्या फारशा नाहीत. म्हणून मला वाटतं, रोजच्या पावसासाठी दीडपट कदाचित कडक असेल. संपासाठी ती बरोबर आहे.

एसटीच्या बाबतीत हे आपण आधीच केलं होतं. एप्रिल २०१८ च्या शासन निर्णयाने खाजगी ट्रॅव्हल्सना एसटीच्या भाड्याच्या दीडपटीची मर्यादा घातली. ऑक्टोबर २०१७ च्या ऐन दिवाळीतल्या एसटी संपात लोक कसे अडकले होते ते आठवत असेल. २०२१ च्या अखेरीस एसटी महामंडळ राज्य सरकारमध्ये विलीन करा या मागणीसाठी एसटी कर्मचारी उतरले आणि तो संप एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. तेव्हा सरकारने खाजगी बस, शाळेच्या बस, इतकंच काय मालवाहू गाड्यांनाही प्रवासी नेण्याची मुभा दिली. इथे बघण्यासारखं हे की भाव मोकळा सोडण्याऐवजी पुरवठाच मोकळा केला. गावच्या स्टँडवर दीडपटीचा नियम कोण पाळत होतं हा प्रश्न वेगळा. तिथे अ‍ॅप नसतं, पावती नसते, तक्रार कुणाकडे करायची याची पाटी नसते. त्या अर्थाने अ‍ॅपचा सर्ज बरा, निदान स्क्रीनशॉट काढता येतो.

सर्ज बंद करणं हाच उपाय, असं अजूनही वाटत असेल तर न्यूयॉर्कचा एक किस्सा. २८ जानेवारी २०१७. ट्रम्प यांच्या प्रवासबंदीच्या निषेधार्थ तिथल्या टॅक्सीचालकांच्या संघटनेने केनेडी विमानतळावर संध्याकाळी सहा ते सात अशी तासाभराची फेरीबंदी केली. ती वेळ संपल्यावर उबरने जाहीर केलं की विमानतळावर आम्ही सर्ज बंद केला आहे. कंपनीला वाटलं असणार की लोक कौतुक करतील, नफेखोरी नाही केली म्हणून. झालं उलटंच. संपावर गेलेल्यांचं गिऱ्हाईक स्वस्तात पळवून संप फोडला, असा अर्थ लोकांनी घेतला आणि लाखांनी खाती बंद केली. संपात भाव वाढवला तर प्रवाशाची लूट, नाही वाढवला तर कामगाराशी दगाबाजी. पावसात हा पेच नसतो, कारण ढग काही मागण्या घेऊन येत नाहीत.

आता तो संशय. फोनची बॅटरी कमी असली की भाडं जास्त लागतं, आयफोनवर जास्त आणि अँड्रॉइडवर कमी, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. बॅटरीच्या गोष्टीचा उगम सांगता येतो. २०१६ मध्ये उबरमधल्या संशोधन प्रमुखांनी एका मुलाखतीत म्हटलं की बॅटरी संपत आलेले लोक सर्ज चटकन मान्य करतात असं दिसतं, पण आम्ही ते भाड्यासाठी वापरत नाही. लोकांनी पहिलं वाक्य लक्षात ठेवलं. आयफोनच्या तक्रारींवरून जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि उबरला नोटिसा धाडल्या, कंपन्यांनी असा भेदभाव करत असल्याचं नाकारलं. दोन फोन शेजारी ठेवून वेगळे आकडे येण्याला साधं कारणही असू शकतं. मिनिटभराच्या अंतराने हिशेब बदलतो, दहा पावलांवर नकाशाचं दुसरं घर सुरू होतं. पण जोवर मूळ भाडं इतकं, सर्ज इतका असं वेगळं छापून येत नाही, तोवर लोक बॅटरीलाच दोष देणार, आणि मी त्यांना हसणार नाही.

घरांच्या सीमेचा मात्र फायदा घेता येतो. स्टेशनच्या तोंडाशी बुक करण्यापेक्षा पाच-सात मिनिटं चालून पुढच्या चौकात बुक केलं तर कधी कधी चांगला फरक पडतो. संपात भावापेक्षा गाडी तुमच्यापर्यंत पोचण्याचा फरक जास्त पडतो, कारण स्टेशनसमोरच्या गुंत्यात ती शिरतच नाही. दुसऱ्या दिवसापासून मी कपाडिया नगरपर्यंत चालत जायला लागले आणि तिथून गाडी घेतली. सार्वजनिक सेवेतला संप आधी नोटीस देऊनच करावा लागतो, त्यामुळे आदल्या रात्रीच दोघं-तिघं ठरवून घेतली तर भाडं तिघांत वाटलं जातं. दीडपटीच्या वर आकडा गेला तर स्क्रीनशॉट काढून आरटीओकडे तक्रार करता येते. मूळ भाडं किती ते त्यासाठी माहीत हवं, म्हणून वरचा २२.७२ लक्षात ठेवायला सांगते.

आमच्या ऑफिसात साफसफाईला एक मावशी यायच्या. ठाण्याहून लोकलने कुर्ल्याला आणि तिथून ३१०. संपाच्या पहिल्या दिवशी त्या माझ्यानंतर दहा मिनिटांनी पोचल्या, चालत. "मावशी, रिक्षात तरी बसायचं," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "पन्नास जायला, पन्नास यायला. दिवसाचे शंभर त्यालाच दिले तर मी कशाला येऊ गं?" नऊ दिवस त्या चालल्या. त्यांच्या फोनमध्ये कॅबचं अ‍ॅप नव्हतं, म्हणजे अ‍ॅपच्या हिशेबात त्या कुठल्याच घरात नव्हत्या. त्यांच्या चालण्याने आकडा एका पैशानेही हलला नाही.

उच्च न्यायालयाने लक्ष घातल्यावर १६ तारखेला संप मिटला. १७ ला सकाळी कुर्ल्याला ३१० आली, पाठोपाठ दुसरी. सवयीने अ‍ॅप उघडून बघितलं, १०८. मग फोन पर्समध्ये टाकला आणि बसच्या रांगेत शिरले. मावशी माझ्या आधीच चढल्या होत्या, जागा मिळाली नव्हती, दांड्याला धरून उभ्या होत्या.